तीनदारी कपाट आणि हुदहुद

माझ्या आईला हळू बोलता येत नाही. हा तिच्या स्वभावाचा दोष नाही, नोकरीचा आहे. उभी हयात तिनं बसस्थानकावर घोषणा देण्यात घालवली. काचेच्या एवढ्याशा खोलीत बसायचं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं" म्हणायचं, आणि बाहेरची इंजिनं, फेरीवाले, रडणारी पोरं या सगळ्यांना पुरून उरून ते लोकांच्या कानात घालायचं. निवृत्त झाली तेव्हा माईक तिथंच राहिला, आवाज मात्र ती घरी घेऊन आली. ती आमच्याकडे राहायला आली की भाजीत मीठ कमी पडलंय हे खालच्या मजल्यावरही कळतं.

मागे एका वर्षी तिच्या घराच्या छताची दुरुस्ती निघाली आणि ती बॅग घेऊन आमच्याकडे आली.

माझा नवरा नेमका उलट. त्याचा फोटोचा स्टुडिओ आहे, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर. दिवसभरात तो गिऱ्हाइकांशी बोलतो ते एवढंच: "हनुवटी जरा खाली", "डोळे मिटू नका" आणि "झालं". घरात त्याहून कमी. त्याला माणसांपेक्षा पक्ष्यांचे फोटो काढायला आवडतात. तो म्हणतो, पक्षी स्वतःचा फोटो बघून "मी खरंच असा दिसतो का हो?" असं विचारत नाहीत. सुट्टी मिळाली की लांबलचक लेन्स खांद्याला लावून हा चालला. उडणारे, आंघोळ करणारे, भांडणारे, पेंगणारे, सगळ्या तऱ्हेचे पक्षी त्यानं टिपलेत. फक्त एक फोटो त्याला कधी साधला नव्हता. पिल्लाला घास भरवणारा पक्षी. एकदा बुलबुलाची नुसती शेपटी आली. एकदा पिल्लांचे उघडे जबडे छान आले, पण आईच चौकटीबाहेर. मी घरी मागच्या खोलीत दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवते, त्यामुळे उघडे जबडे मला नवीन नाहीत. "मस्त आलाय," मी म्हणायचे. त्यावर तो फक्त मान हलवायचा.

तर आई आली. पहिले काही दिवस तिनं माझ्या खोलीत बसून काढले. पण मेणाच्या आणि प्लास्टरच्या वासानं तिचं डोकं उठलं, शिवाय टेबलावर ओळीनं मांडलेल्या कवळ्या आपल्याकडे बघून हसताहेत असं तिला वाटायला लागलं. मग ती खाली स्टुडिओत जाऊन बसायला लागली. तिथं पासपोर्टच्या फोटोला आलेल्या माणसांना ती कॅमेऱ्यामागून सांगे, "अहो, गाडी सुटल्यासारखा चेहरा काय करताय? हसा जरा!" माणूस हसे. पासपोर्टच्या फोटोत हसून चालत नाही. माझा नवरा मुकाट्यानं दुसरा फोटो काढे, आई पुन्हा हसवे.

एका संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "आईंना काहीतरी काम दे ना."

"काय देऊ? कवळी घासायला देऊ?"

"काहीही दे. आज एक गृहस्थ चार वेळा हसले."

मी हसले, तोही नाइलाजानं हसला. काम काही सापडलं नाही. पण दोनच दिवसांत ते आपल्या पायांनी स्टुडिओत चालत आलं.

आमच्या मागच्या रस्त्यावर एक फर्निचरचा कारखाना आहे. त्याचे मालक फोटो काढायला आले होते. आम्ही त्यांना फर्निचरवाले काका म्हणतो. खुर्चीत बसल्या बसल्या ते कुरकुरत होते. कारखान्याच्या मागच्या अंगणात विटांची जुनी भिंत आहे, तिच्या भोकात बहुतेक उंदीर मरून पडलाय, वासानं जीव नकोसा झालाय, आणि वर आतून काहीतरी फुसफुसतंय. सापबिप असेल. उद्याच सिमेंट कालवून भोक बुजवून टाकणार.

नवऱ्यानं कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं. "फुसफुसतं? आणि वासही येतो?"

"येतो म्हणजे! आमचा पॉलिशवाला दिवसभर थिनरच्या वासात काम करतो, तोसुद्धा नाकाला फडकं लावतो."

"भोकात कुणी ये-जा करतं का? लांब चोचीचं?"

"ते मला काय माहीत? मी काय भोकापाशी पहारा देतो?"

नवऱ्यानं त्यांचा फोटो काढलाच नाही. स्टुडिओ आईच्या भरवशावर टाकून तो काकांच्या मागोमाग तडक कारखान्यात गेला. परत आला तो पायऱ्या दोन-दोन चढत.

"हुदहुद आहे!" तो म्हणाला. त्याच्या तोंडून उद्गारचिन्ह मी क्वचितच ऐकलंय.

हुदहुद तुम्ही पाहिला असेल. फिक्या विटकरी रंगाचा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, चोच बाकदार आणि लांब, आणि डोक्यावर पंख्यासारखा मिटणारा-उघडणारा तुरा. मैदानात तुरूतुरू चालत जमिनीत चोच खुपसत असतो. दिसायला राजबिंडा, पण घरटं म्हणजे उकिरडा. तो वास तो मुद्दामच बाळगतो, शत्रूनं नाक धरून परत जावं म्हणून. आणि पिल्लांना धोका वाटला की ती सापासारखी फुसफुसतात. हे सगळं माझ्या नवऱ्यानं काकांना भिंतीपाशी उभं राहून समजावून सांगितलं असणार, कारण काका तयार झाले. पिल्लं उडेपर्यंत सिमेंट नाही. एवढंच नाही, तर त्यांनी एक कपाटही देऊ केलं.

त्याचं असं झालं, की पक्ष्यांच्या इतक्या जवळ बसून फोटो काढायचा तर लपायला आडोसा हवा. अंगणात एक तीनदारी कपाट कितीतरी दिवस पडून होतं. एका गिऱ्हाइकानं मापं चुकीची दिली, कपाट त्यांच्या दारातून आत जाईना, म्हणून ते परत आलं आणि अंगणातच राहिलं. पक्ष्यांना त्याची सवय झालेली. काका म्हणाले, "घ्या हेच. पाठीमागच्या प्लायला भोक पाडून देतो, त्यातून तुमची तोफ बाहेर काढा."

कारखान्यातल्या माणसांनी कपाट रोज थोडं थोडं भिंतीकडे सरकवलं. एकदम सरकवलं असतं तर पक्षी बिचकले असते. शेवटी ते भिंतीपासून हव्या तेवढ्या अंतरावर आलं आणि माझा नवरा स्टूल, कॅमेऱ्याचं तिकाटणं आणि पाण्याची बाटली घेऊन कपाटात शिरला.

पक्षी आलेच नाहीत. नर चोचीत अळी धरून छपरावर येई, कपाटाकडे बघून तुरा उभारी आणि निघून जाई. त्यानं माणसाला आत जाताना पाहिलं होतं, बाहेर येताना पाहिलं नव्हतं. पिल्लं उपाशी राहतील म्हणून नवराच थोड्या वेळानं उठून आला.

"याला एक उपाय आहे," तो जेवताना म्हणाला. "दोघांनी आत जायचं आणि एकानं बाहेर यायचं. पक्ष्यांना वाटतं, गेली माणसं. त्यांना एवढा हिशेब येत नाही. तू येशील?"

माझ्यापुढे कवळ्यांचा ढीग होता. डॉक्टर फोनवर फोन करत होते. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मी येते की!"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे पाहिलं.

"आई, तिथं आवाज करून चालत नाही," तो म्हणाला.

"मला फक्त आत जायचंय आणि बाहेर यायचंय ना? त्याला आवाज कशाला लागतो?" आई इतक्या जोरात म्हणाली की पेल्यातलं पाणी हललं.

पहिल्या दिवशी ती त्याच्याबरोबर कपाटात गेली, मधलं दार उघडून बाहेर आली आणि अंगणाच्या टोकाला जाऊन, निरोप घेतल्याशिवाय जायचं कसं, म्हणून मागे वळून म्हणाली, "जाते हं जावईबापू! नीट बसा!" पॉलिशवाल्याच्या हातातला बोळा पडला म्हणे. कपाटातून हूं की चूं नाही. नवऱ्याला वाटलं, संपलं सगळं. पण आई कोपऱ्यावरून वळते न वळते तोच नर भिंतीवर उतरला, तुरा मिटला आणि भोकात चोच घालून मोकळा झाला.

मग रोजचं हेच ठरून गेलं. सकाळी दोघं जायची. आईला कारखान्यात सगळे ओळखायला लागले. "कपाटातल्या जावयाच्या सासूबाई आल्या" म्हणत कुणी तिला चहा द्यायचं. ती परत येताना रस्त्यातल्या भेटेल त्याला सांगायची, "जावयाला कपाटात ठेवून आले." ऐकणारा चमकून बघे. तिला त्यात फार मजा वाटायची.

फोटो मात्र मनासारखे येईनात. भोकाच्या तोंडावर एक वेल लोंबत होती. पक्षी तिच्या मागे शिरायचा आणि नेमकी घास द्यायच्या क्षणी चोचीवर पानं यायची. नवरा रोज संध्याकाळी फोटो बघायचा आणि रोज म्हणायचा, "पान." एवढंच. "आज?" "पान."

एका सकाळी त्यानं खिशात कातर टाकलेली आईनं पाहिली.

"ही कशाला?"

"वेलीचे दोन-चार फुटवे कापतो. समोरचे फक्त."

"का?"

"दिसत नाही काही."

आई चप्पल घालता घालता थांबली. "जावईबापू, ही झाली तेव्हा," तिनं माझ्याकडे बोट केलं, "माझ्या खोलीच्या दाराला पडदा होता. तो कुणी उजेड हवा म्हणून काढून टाकला असता तर मी त्याला काय केलं असतं माहितीय?"

"आई, ही वेल आहे."

"तुमच्यासाठी वेल. आतल्या बाळंतिणीला विचारा."

नवरा वाद घालणाऱ्यातला नाही. त्यानं कातर टेबलावर ठेवली आणि माझ्या कामाच्या सामानातला सुतळीचा तुकडा घेतला. कापत नाही, नुसती बाजूला बांधतो, थोडा वेळच, मग सोडतो, असा त्याचा तोडगा. आई म्हणाली, "ठीक आहे. पण मग मी बाहेर जाणार नाही. तुम्ही कॅमेऱ्यात डोळा घातलात की तुम्हाला जगाचं भान राहत नाही. मी आत बसून लक्ष ठेवते."

पुढचं त्या दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं. मी दोघांच्या मधलं धरून सांगते.

वेल बाजूला बांधली आणि दोघं कपाटात बसली. काकांनी आईच्या उंचीला आणखी एक भोक पाडून दिलं होतं, त्याला डोळा लावून ती बसली. पहिल्यांदाच घरट्याचं तोंड मोकळं दिसत होतं. आत पिल्लाची चोच हलताना दिसली. नवऱ्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. तेवढ्यात भिंतीवर सावली पडली आणि एक कावळा येऊन बसला. त्यानं आधी एका डोळ्यानं भोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. मग एक उडी मारून जवळ सरकला. आमच्या घरी टेबलावर काही उघडं राहिलं की खिडकीतला कावळा असाच सरकतो.

नवरा म्हणतो, मी उठतच होतो. आई म्हणते, तो कसला उठतोय, तो लेन्स फिरवत होता. काही असो, तीनदारी कपाटाचं डावीकडचं दार धाडकन उघडलं आणि आई बाहेर पडली. टाळ्या वाजवत, "ए हट! चल, मार्गस्थ हो!" म्हणत ती भिंतीकडे धावली. कारखान्यातली करवत थांबली. कावळा असा गेला की त्या दिवशी पुन्हा फिरकला नाही.

नवरा तिच्या मागून बाहेर आला. तो थेट सुतळी सोडायला भिंतीपाशी गेला. गाठ सुटेना, म्हणून त्यानं तोंड जवळ नेलं. आतल्या पिल्लांना वाटलं, आला कावळा परत. ती फुसफुसली. आणि मग त्यांनी ढुंगणं वळवून त्यांचं दुसरं हत्यार काढलं. हुदहुदाच्या पिल्लांचा नेम इतका अचूक असतो हे माझ्या नवऱ्याला तोवर फक्त पुस्तकातून माहीत होतं.

तो घरी आला तेव्हा मी कवळ्या घासायची मोटर बंद करून दाराशी गेले आणि दार उघडून लगेच लावून घेतलं.

"मी आहे," तो बाहेरून म्हणाला.

"कळलं. आधी शर्ट काढ."

"शर्टावर नाहीये नुसतं."

आई जिन्यात पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. नवरा तीनदा डोकं धुऊन आला, आणि पुसता पुसता म्हणाला, "वेल राहू दे तशीच. फोटोत पान येईल तर येईल." बस, एवढंच. आईनं पण विषय पुढे वाढवला नाही. चहा मात्र तिनं त्याला आधी दिला आणि मग मला.

त्यानंतर ती रोजच कपाटात त्याच्याबरोबर बसायला लागली. आत जाऊन बाहेर यायचं काम आता पॉलिशवाल्यानं आपल्याकडे घेतलं. तो त्यांच्यासोबत कपाटापर्यंत जाई आणि एकटा परत येई. पक्ष्यांना तेवढं पुरे होई. पिल्लं मोठी झाली होती. आता मादीही बाहेर पडून किडे आणायला लागली होती, आणि नर-मादीची ये-जा दिवसभर चाले. कारखान्यात करवत घरघरत असे, रंधा चालत असे, कुणीतरी हातोडा मारत असे, त्यात आईची कपाटातली कुजबुजही खपून जाई. तिच्या कुजबुजीला बाकीचे लोक बोलणं म्हणतात.

मग सुट्टीचा दिवस आला. कारखाना बंद. नवऱ्यानं आदल्या रात्रीच मला सांगितलं होतं, "उद्या शांतता असेल. उद्या मिळणार." काकांनी फाटकाची किल्ली देऊन ठेवली होती. तिघंही जाऊ म्हणून मी पण निघाले, आणि कपाटापर्यंत सोबत जाऊन बाहेर यायचं काम मी केलं. मग पलीकडे ऑफिसच्या खिडकीत बसले. तिथून कपाट आणि भिंत दोन्ही दिसत होती.

अंगणात इतकी शांतता होती की पानावर पान घासलेलं ऐकू येत होतं. नर आला, छपरावर बसला, चोचीत चांगली जाडजूड अळी. बसून राहिला. इकडे बघ, तिकडे बघ. तुरा उघडला, मिटला. उडून गेला. मादी आली, तिनंही तेच केलं. आत पिल्लं भुकेनं चिरचिरायला लागली. मला खिडकीत बसून कळेना, आज यांना झालंय काय? रोज एवढ्या खडखडाटात बिनधास्त येतात, आणि आज सुई पडली तर ऐकू येईल तर यांना भीती वाटतेय?

कपाटात आईच्याही तेच ध्यानात आलं असावं. ती म्हणाली, "जावईबापू, यांना गोंगाटाची सवय आहे. गप्प बसलं की यांना वाटतं काहीतरी काळंबेरं आहे."

"शू," नवरा म्हणाला.

"शू काय? बसस्थानकावर सगळं एकदम शांत झालं की मीसुद्धा खिडकीतून बाहेर बघायची. काय घडलं म्हणून."

आणि ती बोलायला लागली. सावकाश, एका सुरात, करवत चालते तशी. मला ऑफिसमधून शब्द कळत नव्हते, पण आवाजाची लय येत होती. काय बोलली ते मला नंतर कळलं.

मी तान्ही होते तेव्हाची गोष्ट. आईला रजा फार मिळाली नव्हती. बाबा दुपारी मला उचलून बसस्थानकावर घेऊन जायचे, बरोबर डब्यात मऊ भात. घोषणेच्या खोलीत बाहेरच्या माणसाला जायची परवानगी नव्हती. तिकीट-चौकशीसाठी काचेला खाली एक अर्धगोल खिडकी होती. बाबा मला त्या खिडकीशी धरायचे आणि आई आतून चमच्यानं भरवायची. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. एक दिवस गडबडीत ती माईक बंद करायला विसरली. घोषणा संपली, आणि पाठोपाठ साऱ्या बसस्थानकावर, सगळ्या फलाटांवर, लाउडस्पीकरमधून आवाज गेला, "आ कर. आ कर बघू. अशी कशी माझी शहाणी ती? मोठ्ठा आ!"

"मग?" कपाटातून नवऱ्यानं विचारलं. तो शू म्हणायचं विसरला होता.

"मग काय! मी काचेतून बघते तर रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं खरंच आ केलेला."

नवरा हसला. तो हसला की त्याचे खांदे हलतात, आवाज होत नाही. खांदे हलले, तिकाटणं हललं, आणि त्याच क्षणी, आईचं बोलणं चालू असताना, नर छपरावरून थेट भिंतीकडे झेपावला.

मी खिडकीतून पाहिलं. वेलीच्या पानांतून एका पिल्लानं मान बाहेर काढली होती. आता ते मोठं झालं होतं, त्याला पडद्याआड राहायचं नव्हतं. त्यानं जबडा उघडला. एवढ्याशा जिवाचा केवढा तो जबडा! नर समोर हवेत क्षणभर तरंगला, तुरा पूर्ण पसरलेला, पंख पसरलेले, आणि त्यानं मान पुढे केली. कपाटातून कॅमेऱ्याची टकटक ऐकू आली. मग मादी आली, मग पुन्हा नर. आई बोलत राहिली, ते येत राहिले. माझ्या शाळेतल्या भाषणापासून छताच्या दुरुस्तीपर्यंत सगळं त्या दिवशी सांगून झालं असणार.

संध्याकाळी आम्ही तिघं स्टुडिओतल्या संगणकाच्या पडद्यासमोर बसलो. नवऱ्यानं फोटो एकेक करून पुढे सरकवले. बरेच हलले होते, खांद्यांमुळे. कितीतरी फोटोंत पानं होती. मग एक फोटो आला आणि तिथं तो थांबला.

नर हवेत. तुऱ्याचं टोक अन् टोक उभं. खाली पिल्लाचा लालबुंद जबडा, कडेला पांढरी किनार. आणि दोघांच्या मध्ये, हवेत, एक गुबगुबीत पांढरी अळी. नरानं ती सोडली होती, आणि पिल्लाला ती झेलता आली नव्हती. ती खाली पडत होती. पिल्लाचा एक डोळा तिच्याकडे लागलेला. नराच्या चेहऱ्यावर, पक्ष्याला चेहरा असतो असं मानलं तर, बसस्थानकावर बसलेल्या कुठल्याही आईबापाचा भाव.

नवऱ्यानं सुस्कारा सोडला. "घास पडला की."

"मग पडणारच!" आई म्हणाली. "पहिल्यांदा तोंडात कुणाचा जातो? हिचा निम्मा भात काचेला चिकटायचा. सफाईवाली माझ्यावर डाफरायची."

"पण भरवतानाचा फोटो म्हणजे..."

"हाच भरवतानाचा. तोंडात गेल्यावर काय, गिळणं असतं ते."

त्यानं खुर्ची पडद्याकडे ओढली. पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग त्यानं फोटो मोठा केला, अळीवर नेला, पिल्लाच्या डोळ्यावर नेला, नराच्या पसरलेल्या पंखावर नेला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. बऱ्याच वर्षांचा संसार आहे आमचा, मला ते हसू ओळखता येतं. पुढच्या एका स्पर्धेला त्यानं हाच फोटो पाठवला. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी लिहिलं की चित्र उत्तम आहे, मात्र घास पोचायला हवा होता. आईनं ते वाचलं आणि म्हणाली, "यांना पोरं नसतील." पुढे फर्निचरवाल्या काकांनी त्याची मोठी चौकट करून कारखान्याच्या ऑफिसात लावली, ती अजून आहे.

त्या सुट्टीनंतर थोड्याच दिवसांत पिल्लं उडायला लागली. काकांनी निरोप पाठवला, "दोन गेली, तिसरं दारात आहे, लवकर या!" नवरा कॅमेरा घेऊन पळाला आणि कपाटात शिरला. मी हात न धुताच निघाले, प्लास्टर लागलेलेच. आई वाटेतच सगळ्यांना बातमी देत आली. कारखान्यातली झाडून सगळी माणसं अंगणाच्या कडेला उभी होती.

ते शेवटचं पिल्लू वेलीवर येऊन लोंबकळत होतं. समोरच्या छपरावर मादी चोचीत किडा घेऊन बसली होती. आणून देत नव्हती, नुसती दाखवत होती. पिल्लू ओरडलं, आदळआपट केली, पंख झटकले. मादी ढिम्म. मग एकदम त्यानं वेल सोडली. खाली पडतंय असं वाटेपर्यंत पडलं, आणि मग सावरलं, वाकडंतिकडं वर आलं आणि धपकन उतरलं. कपाटावर. माझ्या नवऱ्याच्या बरोबर डोक्यावर.

 कपाटाच्या भोकातून लेन्स इकडे फिरली, तिकडे फिरली. त्याला पिल्लू कुठं गेलं ते कळेना. वर पायांची खरखर तेवढी त्याला ऐकू येत होती.

मादी छपरावरून उतरली. कपाटाच्या टोकाशी बसली. पिल्लानं आ केला. तिनं चोच पुढे केली आणि घास आत, अगदी आत घातला. एक कण सांडला नाही. सगळ्या कारखान्यानं पाहिलं. पॉलिशवाल्यानं पाहिलं, काकांनी पाहिलं, आईनं पाहिलं, मी पाहिलं. ज्यानं पाहायला हवं होतं तो एकटा खाली अंधारात कॅमेरा डोळ्याला लावून भोकातून रिकाम्या भिंतीकडे बघत बसला होता.

दोघं उडून गेल्यावर आम्ही कपाटाचं दार उघडलं. "काय झालं?" तो म्हणाला. "कुठं होतं ते?"

एकदम सगळे बोलायला लागले. काका म्हणाले, किडा हिरवा होता. पॉलिशवाला म्हणाला, काळा. मी सांगितलं, मादीनं डोळे मिटले होते. आई म्हणाली, काही मिटले नव्हते, पिल्लाकडे टक लावून होती. पिल्लू केवढं होतं यावर तर कारखान्यात दोन तट पडले. माझा नवरा कपाटाच्या उंबऱ्यावर बसून, कॅमेरा मांडीवर ठेवून, एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत सगळं ऐकत होता. सगळ्यांचं सांगून झालं तसं अंगणात जरा शांत झालं.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला. "पहिल्यापासून."